दुसऱ्या भागाची चेष्टा

वाईच्या मोटारस्टँडवर माझी ट्रंक टपावर चढवताना दादानं विचारलं, "हिच्यात काय जातं घातलंय का गं?"

जातं नव्हतं. अकरा कादंबऱ्या होत्या, पातळांच्या घड्यांमध्ये दडपलेल्या. लग्न आदल्या दिवशी झालं होतं आणि आता सासरच्या मंडळींबरोबर मी इंदूरला निघाले होते. सगळे रडत होते. रडायची तयारी मीही महिनाभर केली होती. कादंबरीतली नायिका माहेर सोडते तेव्हा मान जराशी कलती करते, ओठ दाबते आणि एकच थेंब गालावरून ओघळू देते. मी आरशासमोर करून पाहिलं होतं, थेंब सोडून बाकी सगळं जमत होतं. आयत्या वेळी मात्र माझे डोळे टपाकडे. हमाल ट्रंक उभी ठेवत होता, आणि उभी ठेवली की पुस्तकांचे कोपरे मोडतात.

आईनं पदरानं डोळे पुसले, माझा हात धरला आणि म्हणाली, "तिकडे पुस्तकात नाक खुपसून बसू नकोस. आधी घरातल्या माणसांचे चेहरे वाच."

मी म्हटलं, "ट्रंक आडवी ठेवायला सांग ना त्याला."

माहेर सोडतानाचं माझं शेवटचं वाक्य हे. आई पुढे कित्येक वर्षं ते सगळ्यांना सांगत असे, आणि सांगताना तिला हसू यायचं की वाईट वाटायचं, ते मला कधी नीट कळलं नाही.

पुढचा प्रवास दोन दिवसांचा. खांडव्याला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसायचं, मग ती घाटातून धापा टाकत महूकडे चढते आणि तिथून इंदूर. घाटात एका वळणावर धबधबा दिसतो. मी खिडकीशी सरसावून बसले. कादंबरीत असा देखावा आला की नवरा हमखास काहीतरी बोलतो आणि त्या वाक्यावर प्रकरण संपतं. शेजारी बसलेले आमचे हे बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "मळमळतंय का?"

प्रकरण तिथंच संपलं.

तेव्हा इंदूर मध्य भारत नावाच्या राज्यात होतं. आताच्या पोरांना हे राज्य होतं हेच माहीत नाही. त्याला राजधान्याही दोन. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. आमचे हे सचिवालयात कारकून होते. दिवाळी झाली की फायलींच्या पेट्यांबरोबर ते ग्वाल्हेरला जात आणि होळीनंतर फायलींबरोबरच परत येत. घर बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि एक पडवी. घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळी गल्ली माई म्हणायची, मीही माईच म्हणू लागले. माईंच्या आजेसासऱ्यांपासून हे घराणं होळकरांच्या दरबारी कारकुनी करत आलेलं, म्हणजे तीन पिढ्या माळव्यात मुरलेल्या. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी गारच पडले.

"सुनबाई, तू भांडी घासून राहिली की पुस्तक वाचून राहिली?"

घासून राहिली. वाचून राहिली. मी मनातल्या मनात लाल पेन्सिल काढायची आणि माईंची वाक्यं तपासायची. 'सब्जी'वर काट, 'जल्दी'वर काट, 'राहिली'वर दोन काटा. माझी ठाम समजूत अशी की मराठीत संस्कृत शब्द भरपूर, हिंदीतही तेच, तेव्हा हिंदी म्हणून वेगळं शिकण्यासारखं काही नाहीच. शेवटी 'है' लावलं की झालं. अठराव्या वर्षी माणसाला एवढा आत्मविश्वास कुठून येतो, मला आजही ठाऊक नाही. मॅट्रिकला मराठीत वर्गात पहिली आले होते, एवढंच त्यातलं भांडवल.

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी ट्रंक उपसली आणि घात झाला. अकरा पुस्तकांत एक कादंबरी दोन भागांची होती. पहिला भाग लग्नाच्या गडबडीत मी कसाबसा संपवला होता. त्याच्या शेवटच्या पानावर नायिका नदीच्या घाटावर उभी आहे, हातात न फोडलेलं पत्र, आणि मागून कोणीतरी तिला हाक मारतं. कोणी, ते दुसऱ्या भागात. आणि दुसऱ्या भागाच्या जागी ट्रंकेत मेतकुटाचा डबा होता. आईनं माझ्या नकळत अदलाबदल केली होती. मी पत्र लिहिलं, तीन पानी, कळवळून. आईचं उत्तर कार्डावर आलं. "पुस्तक वाचनालयाला दिले. मेतकूट संपले की कळव."

आता तुम्हांला वाटेल, एवढं काय त्यात. पण नव्या घरात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जे काही होतं ते सगळं दुसऱ्यांचं होतं. चुलीची उंची दुसऱ्याची, आमटीतला गूळ दुसऱ्याचा, माझी भाषासुद्धा रोज थोडी थोडी दुसऱ्याची होत चाललेली. घाटावर उभी असलेली ती बाई तेवढी माझी होती. तिला कोणी हाक मारली हे कळल्याशिवाय मला पुढे सरकता येईना. असं मी तेव्हा स्वतःशी म्हणायची, जरा कादंबरीच्याच भाषेत म्हणायची, पण खोटं नव्हतं ते.

ह्यांनी मराठी वाचनालयात चौकशी केली. पहिल्या भागाच्या तिथं दोन प्रती होत्या. दुसरा भाग कोणीतरी नेलेला, परत आला नव्हता. दर रविवारी हे येऊन सांगायचे, "अजून बाहेरच आहे." पावसाळा गेला, दसरा गेला. दिवाळीनंतर फायलींबरोबर हे ग्वाल्हेरला गेले आणि दुसऱ्या भागाची चौकशी करणारं कोणी उरलं नाही.

मग मी शेजारच्या गेंदाबाईंना विचारलं. माळवी बाई, मोठ्या प्रेमळ. मी माझं हिंदी चालवलं, "यहाँ कादंबरी कहाँ मिलेगी?"

त्या हातातलं सूप खाली ठेवून जवळ आल्या. "कौन कादंबरी? कब से नहीं मिल रही बिचारी?"

कादंबरीला हिंदीत उपन्यास म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. लाल पेन्सिल तेव्हाच खाली ठेवायला हवी होती. ठेवली नाही.

गेंदाबाईंनी पत्ता दिला तो पाठकजींच्या दुकानाचा. मोठ्या रस्त्याला लागलं की तिसरं दुकान. पुस्तकं विकणाऱ्याचं आडनाव पाठक, हे मला फार आवडलं. हे गृहस्थ पूर्वी महूला शाळेत हिंदी शिकवत असत, निवृत्त होऊन त्यांनी दुकान काढलं होतं. शाळेची पुस्तकं, पंचांगं, वह्या आणि मागच्या फळीवर स्वतःच्या आवडीची चार-दोन डझन पुस्तकं, जी कोणी मागत नसे. मराठी शाळांसाठी त्यांच्याकडे पुण्याहून पार्सलं यायची. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की मी माईंना "देवाला जाऊन येते" असं सांगून निघाले आहे आणि दुकानात एकटी उभी आहे.

मी पुस्तकाचं नाव सांगितलं. "दूसरा भाग चाहिए." पाठकजींचा चेहरा उजळला. नवी सून, वही नाही, परीक्षेची कुंजी नाही, कादंबरी मागते आहे. त्यांनी चष्मा पुसला, नाव कागदावर उतरवून घेतलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "बहूजी, मैं आपके लिए पूरी चेष्टा करूँगा."

मराठी वाचकाला हे वाक्य कसं ऐकू येतं, ते मी सांगायला नको.

मी म्हटलं, "मेरी चेष्टा मत कीजिए."

ते गोंधळले. "क्यों न करूँ? अवश्य करूँगा."

"मैं अच्छे घर की हूँ."

"तभी तो," पाठकजी म्हणाले. "आप जैसों के लिए चेष्टा न करूँ तो किसके लिए करूँ? जब तक पुस्तक न आए, रोज़ चेष्टा करूँगा."

रोज. म्हणजे रोज. मी पदर खांद्यावरून ओढून घेतला, मान कलती केली (ती आरशासमोरची, अखेर उपयोगी पडली) आणि बाहेर पडले. मागून ते म्हणत होते, "बहूजी, पता तो देती जाइए." आता पत्ताही हवा मेल्याला, मी मनात म्हटलं.

घरी सांगणार कोणाला? माईंच्या लेखी मी देवळात गेले होते. गेंदाबाईंना सांगावं तर गल्लीभर होणार. मी ह्यांना ग्वाल्हेरला सहा पानी पत्र लिहिलं. त्यात अपमान होता, अश्रू होते, परक्या नगरीतली एकाकी स्त्री होती. दुकानदार नक्की काय म्हणाला तेवढं नव्हतं, कारण ते लिहायला माझी लेखणी धजेना. तेवढं लिहिलं असतं तर ह्यांनी पहिल्याच ओळीत उलगडा केला असता. त्यांचं उत्तर आलं, "पत्र पोचले. बाहेरच्या दाराची कडी नवी बसवून घे. इकडे थंडी फार."

मग सुरू झाला माझा वनवास. मोठा रस्ता मी टाकला. भाजीला, देवाला, कुठेही जायचं तर मागच्या गल्ल्यांनी वळसा घालून जायची. माई म्हणायच्या, "सुनबाई, सीधा रस्ता सोडून तू कुठून कुठून जाऊन राहिली?" मी म्हणायची, तेवढंच चालणं होतं. इंदूर मला आवडेनासं झालं. हे गाव उद्धट, इथली भाषा उद्धट, इथले पुस्तकवालेसुद्धा बायकांची टिंगल करतात, असं मी आईलाही कळवलं. आईचं कार्ड आलं, "चेहरे वाच." पाठकजींचा चेहरा मी वाचला असता तर काम तिथंच भागलं असतं. त्या बिचाऱ्यांच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. पण मी मॅट्रिकला मराठीत पहिली. मी शब्द ऐकला.

पाडव्याच्या आधी माई पंचांग आणायला गेल्या. पाठकजींच्याच दुकानी, दर वर्षीप्रमाणे. परत आल्या त्या हसत. नुसत्या हसत नव्हत्या, उंबऱ्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांना चप्पल काढता येत नव्हती. एका हातात पंचांग, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी.

"तू पाठकजींवर नाराज होऊन राहिली होती?"

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

"पाच महिने झाले, तो माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या मराठी बाईला विचारून राहिला, की माताजी, वो उपन्यासवाली बहूजी कहाँ रहती हैं. पुण्याला तीन पत्रं टाकली त्यानं. पुस्तक आलं पौषातच. म्हणे बहूजी चेष्टा मत कीजिए म्हणून गेल्या, माझं काय चुकलं?" माई पुन्हा हसायला लागल्या. मग पदरानं डोळे टिपून म्हणाल्या, "अगं बाई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तो प्रयत्न करून राहिला होता."

करून राहिला होता. त्या वाक्यावर मी लाल काट मारली नाही. पाच महिने एक म्हातारा माणूस माझ्यासाठी काय करत होता ते मराठीत 'करत होता' म्हटलं तर नीट कळतच नाही. करून राहिला होता. थांबलाच नव्हता.

मी रडले. आरशासमोर जमला नव्हता तो थेंब एकदाचा आला, आणि एकटा आला नाही. माईंनी पुडकं माझ्या पुढ्यात ठेवलं, कणकेच्या हातानं धरू नको म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जरा वेगळं काहीतरी आलं. "मला एक सांग. पुस्तक पाहिजे होतं तर देवाचं नाव कशाला घेतलं? मी काय नको म्हटलं असतं?"

मला खरंच वाटलं होतं की त्या नको म्हणतील. कादंबरीतल्या सासवा नको म्हणतात.

"वाचून दाखव मला," माई म्हणाल्या. "पण दुसरा भाग नाही. आधी पहिला. मधूनच कोण ऐकून राहिलं."

म्हणजे दुसरा भाग हातात असताना मला पहिला भाग मोठ्यानं वाचत बसावं लागलं, रोज दुपारी वीस पानं, मधे गेंदाबाईंसाठी हिंदीत सारांश. इतका छळ कुठल्या कादंबरीतल्या सासूनं केला नसेल.

पाठकजींकडे माफी मागायला जायचं होतं. ह्या वेळी मी हिंदी वाक्य नीट जुळवलं, पाठ केलं, माईंना बरोबर घेतलं. वाक्य त्यांना आधी ऐकवलं मात्र नाही, त्यांची मदत न घेता मला ते करून दाखवायचं होतं. दुकानाच्या पायरीवर हात जोडून मी म्हटलं, "पाठकजी, मुझसे बड़ी भूल हुई. मुझे शिक्षा दीजिए."

माझ्या मागे माईंना ठसका लागला.

पाठकजी गंभीर झाले. "अवश्य," ते म्हणाले. "कब से आरंभ करें?"

मला वाटलं, मास्तर कडक आहे, शिक्षेची तारीखही ठरवतो. मी मान खाली घालून म्हटलं, "आज ही."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं, मागच्या फळीवरून एक बारीकशी हिंदी कादंबरी काढली आणि पहिलं पान उघडून समोर धरलं. "पढ़िए. ज़ोर से." मी वाचू लागले. 'च' चुकला की ते थांबवत, 'ज' चुकला की पुन्हा म्हणायला लावत. अख्खं पान होईपर्यंत माझी समजूत हीच, की असा ह्यांचा दंड असतो आणि तो आपण निमूट भोगला पाहिजे. पान संपल्यावर पाठकजींनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "घर ले जाइए. बहूजी, शिक्षा तो आपकी हो चुकी है, अब केवल अभ्यास चाहिए."

पायरी उतरल्यावर माईंनी सांगितलं की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि अभ्यास म्हणजे सराव. "तू शिकवा म्हणाली, त्यानं शिकवलं. आता दर आठवड्याला जावं लागेल."

गेले. दर आठवड्याला गेले, जवळजवळ एकोणीस वर्षं. मधे मध्य भारत संपला, नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली, पत्रांवरचा पत्ता बदलला, ह्यांची बदली पक्की भोपाळला होणार म्हणून घरात सुतक आलं आणि मग ह्यांनी ती नोकरी सोडून इंदुरातल्या मिलच्या ऑफिसात दुसरी धरली. मला मुलं झाली, त्यांना पाठकजींच्या स्टुलावर बसवून मी मागची फळी धुंडाळत असे. ती फळी वाढत वाढत दोन भिंतींवर गेली. निम्मी मराठी, निम्मी हिंदी. आसपासच्या सगळ्या मराठी सुना तिथं यायच्या आणि पाठकजी प्रत्येकीला आधीच सांगून ठेवत, "मैं प्रयत्न करूँगा." चेष्टा हा शब्द त्यांनी सोडूनच दिला. ते मला थोडं लागलं, खरं सांगायचं तर.

आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. विकणारा मुलगा चांगला आहे, मला खुर्ची देतो.

आणि त्या दुसऱ्या भागाचं काय, हे विचाराल. काही खास नव्हता. हाक नायिकेच्या मामानं मारली होती, पत्रात जमिनीची भानगड होती, मग चाळीस पानं ती तापानं आजारी. माई म्हणाल्या, "याच्यासाठी तू मागच्या गल्लीनं फिरून राहिली होती?"

वाईला मी पुढे अनेकदा गेले. शेवटी गेले तेव्हा भाचीच्या घरी कपाटापाशी उभी होते. तिनं विचारलं, "आत्या, काय शोधताय?" मी म्हटलं, "काही नाही गं, पुस्तकं बघून राहिले." तिची मुलगी खुदकन हसली, आतल्या खोलीत जाऊन कोणाला तरी म्हणाली, "त्या हिंदी मिक्स बोलतात." मी ऐकलं. वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त वाटलं, हिच्या हातात पेन्सिल दिसतेय.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण माझी नात मुग्धा. जर्मनीत नोकरीला गेली, आठ महिने झाले. माझ्यासारखीच, दोन सूटकेस आणि एकीत नुसती पुस्तकं. परवा तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर भला मोठा मेसेज पाठवला. तिच्या घराजवळ पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथं ती जर्मन बोलायला गेली, काहीतरी भलतंच बोलली, काउंटरवरची बाई हसली आणि ही पुस्तक न घेताच बाहेर आली. आता ती दुसऱ्या रस्त्यानं ऑफिसला जाते. खाली लिहिलं होतं, "आजी, इथे मला कधीच घरच्यासारखं वाटणार नाही."

तिची आई तेव्हापासून रडते आहे आणि तिला परत बोलवून घेऊ म्हणते. मी मुग्धाला विचारलं नाही की कुठला शब्द चुकला. तिची ती कमाई आहे, तिनं तिच्या नातीला सांगावी. घर म्हणजे काय हे मला नव्वदीतही नीट सांगता येत नाही. एवढं कळलंय की जिथं आपल्या चुका लोकांना आपल्या नावानिशी ठाऊक असतात आणि तरी ते स्टूल पुढे करतात, तिथं माणूस राहून जातं. पण त्यासाठी चूक केली त्या जागी दुसऱ्यांदा जावं लागतं. माझ्या सोबतीला माई होत्या, तिच्या सोबतीला तिथं कोणी नाही.

तेव्हा मुग्धा, तुझी आई म्हणते ते परत येण्याचं नंतर पाहू. शनिवारी दुकान उघडं असतं ना? आधी तिथं परत जा.